हवालदारबाई आणि उसने काका

आमच्या टॉकीजच्या दारावर जी बाई उभी असते, तिला 'हवालदारबाई' हे नाव पोरांनी ठेवलं. अंगावर खाकी नाही, डोक्यावर टोपी नाही, हातात नुसता एक टॉर्च. तरी नाव असं चिकटलं की तिच्या जावयांनाही आता खरं नाव आठवायला डोकं खाजवावं लागतं. मी तिकीटखिडकीत बसतो. माझी खिडकी आणि तिचं दार यांच्यामध्ये एक खांब, बस्स. त्यामुळे तिची दिवसभराची बडबड मला ऐकावीच लागते. बरं, मला नावानं हाक मारेल तर शपथ! "ओ खिडकी!" म्हणते. माझं वय बघा आणि ही हाक बघा.

पूर्वी ही आणि हिचा नवरा मिळून टॉकीजचा सायकल स्टँड सांभाळायचे. नवरा गेला, मागोमाग सायकलीही गेल्या. मालकांनी तिला दारावर उभं केलं, तात्पुरतं म्हणून. ही तात्पुरती बाई तिथे मूळ धरून बसली. या दारावर उभं राहून तिनं तीन मुली वाढवल्या, तिघींची लग्नं लावली, आणि एकीलाही वयाआधी मोठ्यांचा सिनेमा बघू दिला नाही. कुणी हुज्जत घातली की तिचं वाक्य ठरलेलं, "माझ्या पोरींना नाही सोडलं, तुम्ही कोण लागून गेलात?"

पोस्टरच्या कोपऱ्यात वयाचा शिक्का असतो. अठराचा शिक्का असला तर प्रश्नच मिटला, आई-बाप दोन्ही हात धरून आले तरी पोर बाहेर. भांडणं होतात ती मधल्या शिक्क्यावर. बारा वर्षांखालच्या मुलाबरोबर घरातलं मोठं माणूस पाहिजे, आणि त्या माणसानं शेवटपर्यंत शेजारी बसायला पाहिजे. पण पोरं काय कमी बेरकी असतात? रांगेतला एखादा भोळासांब गाठायचा आणि गळ घालायची, "काका, आम्ही तुमच्याबरोबर आहोत म्हणा ना!" काका विरघळतात. यांना आम्ही उसने काका म्हणतो. या जमातीवर माझा भयंकर राग आहे. घरी स्वतःच्या पोराची इयत्ता माहीत नसते, आणि इथे चालले दुसऱ्याचे लाड करायला!

एकदा असाच एक काका मध्यंतरात कंटाळून चालता झाला. आत पडद्यावर किंकाळ्या, आणि त्याची उसनी पुतणी खुर्चीखाली शिरून थरथरत होती. हवालदारबाईनं तिला उचलून बाहेर आणलं, तर पोर तिच्या गळ्याची मिठी सोडेना. त्या दिवसापासून बाईनं स्वतःची परीक्षा सुरू केली.

पोराला खांबाआड न्यायचं आणि घरातली एक गोष्ट विचारायची. मग तोच प्रश्न मोठ्या माणसाला. उत्तरं जुळली तर आत, नाही तर "या आता". प्रश्न दर वेळी वेगळा. उसने काका अशा काही गटांगळ्या खातात की विचारू नका! एकानं तर "याला बहीणच नाही" असं छातीठोकपणे सांगितलं. बहीण मागेच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

त्या दुपारी भुताचा सिनेमा होता, मधल्या शिक्क्याचा. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक चष्मेवाले गृहस्थ आले. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस सहज मावला असता.

"ही कोण तुमची?" बाईनं विचारलं.

"मुलगी."

"हे कोण गं तुझे? बाबा?"

मुलीनं खाली बघत मान हलवली. नाही म्हणून.

झालं! रांगेत कुजबुज सुरू झाली. "पोलिसांना बोलवा" म्हणणारा एक शहाणाही निघाला. गृहस्थांचा चेहरा खर्रकन उतरला.

"हिच्या आईशी याच वर्षी माझं लग्न झालंय," ते म्हणाले. "आज पहिल्यांदाच आम्ही दोघंच बाहेर पडलोय. हिलाच हा सिनेमा बघायचा होता."

मला राहवेना. "अहो बाई, सोडा की! माणूस सरळ दिसतोय."

"खिडकीनं तिकिटं द्यावीत," बाई मागे न बघता म्हणाली. "यांचं लग्न आईशी झालंय. पोरीनं कुठे हो म्हटलंय?"

तिनं मुलीला खांबाआड घेतलं. "तुला कशाची भीती वाटते?"

"कशाचीच नाही!" पोरगी ठसक्यात म्हणाली.

बाई गृहस्थांकडे वळली. "हिला कशाची भीती वाटते?"

त्यांनी एकदा रांगेकडे बघितलं आणि पुढे सरकून हळूच विचारलं, "ती काय म्हणाली?"

"कशाचीच नाही म्हणते."

"मग माझंही उत्तर तेच."

"मला शिकवू नका. तीन पोरी वाढवल्यात मी. खरं सांगा, नाही तर दोघंही घरी जा."

गृहस्थांनी आवाज आणखी उतरवला. खांबाला लागूनच खिडकी, म्हणून मला ऐकू आलं. "अंधाराची. आता मोठी झालेय म्हणून रोज आईला दिवा बंद करायला लावते, आणि मग जागीच राहते. आई झोपली की मी बाहेरचा दिवा लावतो, हिचं दार थोडं उघडं ठेवतो. तिला कळू देऊ नका, प्लीज. तिला लाज वाटेल."

पण पोरांचे कान ते! मुलगी खांबाआडून पुढे आली.

"तो दिवा आई लावते," ती म्हणाली.

गृहस्थांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आईच लावते ना?"

"आई दमलेली असते गं," ते म्हणाले. "तिला लगेच झोप लागते."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. बाईचा हात मात्र दारावर आडवा तसाच. उत्तरं जुळली नव्हती, आणि ही बाई नियमाबाहेर सख्ख्या जावयालाही सोडत नाही.

मग मुलगी दोन पावलं सरकली. मधली ती जागा संपली. तिनं त्या इस्त्रीच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली आणि हवालदारबाईच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "हे माझ्याबरोबर आहेत. आत अंधार असतो. मला हे लागतात."

बाईनं हात खाली घेतला.