गंगारामचे विरजण

भट्टी पेटली की गंगाराम शेलार श्वास रोखून धरायचा आणि खोलीतल्या आम्हा सगळ्यांनीही तो रोखावा, अशी त्याची अपेक्षा असे. मी अर्थातच मुद्दाम खोकायचो.

"महाडकर, खोकायचं तर भायेर जा. माल हालतोय हितं!"

माल म्हणजे वितळलेले जर्मेनियम. मुंबईतल्या आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला रेडिओ बनवणारी एक कंपनी पैसे देई, आणि आम्ही तिच्यासाठी ट्रान्झिस्टरला लागणारे स्फटिक करून बघत होतो. चांगल्या स्फटिकाचा इवलासा तुकडा वितळलेल्या मालाला टेकवायचा आणि सावकाश वर ओढायचा. त्याच्याच घडणीचा नवा स्फटिक त्याला लटकून येतो. म्हणजे यायला हवा. आमच्या दोन डॉक्टरेटवाल्यांना तो कधीच आला नाही. कुडपण गावच्या सातवी पास मेकॅनिकला, गंगारामला, आला! प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी रहस्य विचारले.

"इरजण लावायचं, सर. इरजण चांगलं हवं आनि धीर हवा. दुसरं काय हाय त्यात?"

एकदा पुण्याहून एक संशोधक आला. चांगल्या स्फटिकावाचून त्याचे काम वर्षभर अडून बसले होते. सर बाहेरगावी. गंगारामने डबीतला एक तुकडा कागदात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवला.

मी कुजबुजलो, "अरे, कंपनीच्या करारावर सही केलीस ना? इथलं काही बाहेर द्यायचं नाही."

"इरजण मागाय आलेल्याला नाय म्हनू? आमच्याकडं भांडन असलं तरी वाटी रिकामी जात नाय. आपलं काय कमी होतंय?"

मी टाळ्या वाजवल्या. हो, मीच.

पुणेकर सज्जन निघाला, तिथेच घात झाला. त्याचा प्रयोग साधला, निबंध छापून आला आणि त्यात शेवटी त्याने स्फटिकाबद्दल श्री. गंगाराम शेलार यांचे आभार मानले. गंगाराम ते पान घडी करून खिशात घेऊन हिंडत होता. कंपनीनेही ते वाचले. महिन्याभरात पैसे थांबले, गंगारामने जुळवलेली भट्टी कंपनीने उचलून नेली आणि त्याला काढून टाकले.

दोन वर्षांनी मी पोलादपूरहून चढण चढून कुडपणला गेलो. गंगाराम ओटीवर बसला होता. मी सरांची नक्कल केली, कंपनीच्या साहेबाची केली. तो हसला नाही.

तेवढ्यात शेजारची म्हातारी वाटी घेऊन आली. "गंगाराम, वाईच इरजण दे रे."

आत शिंक्यावर दह्याचे मडके काठोकाठ भरलेले मला दिसत होते.

"नाय," गंगाराम म्हणाला.

म्हातारीला ती थट्टा वाटली. वाटी पुढे धरून, हसत, ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.