भावाची घोडी

खोगिराला तेल लावल्याचा वास आला, की माढ्याकडच्या जत्रेतलं घोड्यांचं प्रदर्शन आठवतं. लग्नानंतर अठरा वर्षं मी घोड्यावर बसले नव्हते. धाकटा भाऊ अपघातात गेला आणि त्यानं प्रदर्शनासाठी तयार केलेली घोडी कुणालाच पाठीवर बसू देईना, म्हणून वडिलांनी मला बोलावलं. लहानपणीच्या सवयीनं मी तिच्या मानेवर दोनदा थोपटलं, भीतभीतच बसले, आणि ती जत्रेतल्या धुळीच्या रिंगणात डौलात चालू लागली. उतरल्यावर मी विचारलं, "माझी खूण हिला कुणी शिकवली?" वडील खाली बघत म्हणाले, "त्यानंच की. म्हणायचा, ताई कवातरी परत बसंल." दर दिवाळीला तो मला विचारायचा, "बसतीस का?" आणि मी साडीचं निमित्त सांगून टाळायचे. आता दर रविवारी मी माहेरी जाऊन घोडी फिरवते. विचारणारा तेवढा राहिला नाही.