तिचा तळहात

तपासणीच्या दिवशी सरकारी दवाखान्यात ती भेटायची. ती सणसर गावची. तिला सहावा महिना, मलाही सहावाच. "काय म्हणतंय लेकरू?" हे ती आधी विचारायची, मग कंबर, पायाची सूज, सगळं खळखळून हसत.

परवा माझं बाळ सकाळपासून हललं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं तोंड बघूनच ओळखलं. मला बाकावर डाव्या कुशीवर निजवलं, तोंडात गुळाचा खडा घातला आणि खरबरीत तळहात पोटावर ठेवला. "गप पड. उठतंय बघ आता."

तिचा नंबर दोनदा पुकारला. तिनं हात काढला नाही. शेवटी तळहाताखाली ढुशी बसली. मी रडले, ती हसली.

मग पदर सावरत ती आत गेली. दार उघडंच होतं; नर्सला ती हळूच म्हणाली, "ताई, माजं कालपासनं हललं न्हाय. जरा बगता का?"