आईची सही
शाईच्या पॅडचा वास आला की मला लोअर परळची ती काचेची, गारेगार बँक आठवते. आई म्हणत होती, लालबागची पतपेढी बरी, तिथे ओळखतात आपल्याला. पण व्याज, अटी सगळं पडताळून या बँकेतलं बचत खातं मी निवडलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. चाळीच्या गॅलरीत बसून मी आईला सही शिकवली आणि खातं तिने स्वतःच्या सहीने उघडलं. पहिल्यांदा पैसे काढायला गेलो, तर काउंटरवरचा माझ्याच वयाचा मुलगा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "सही जुळत नाही." आईने पुन्हा केली. घाईत नावातला काना राहिला. "मॅडम, अंगठाच लावू द्या ना यांना. मागे रांग आहे." "तिला सही येते," मी म्हणाले. "मग जुळत का नाही?" मागे कुणीतरी हसलं. मी मॅनेजरला बोलवा म्हणत होते, तोवर आईने स्वतःच पॅड ओढून अंगठा टेकवला. बाहेर आल्यावर ती तो पदराला पुसत राहिली. "रंग जाणा नाय गो," एवढंच म्हणाली. पुढे मी तिचे पैसे पतपेढीत हलवले. आता तिथे सगळे तिला ओळखतात, पेन पुढे करतात. ती अंगठा पुढे करते.