डिक्कीवरचा पंख

लातूरला औसा रोडवर वर्षाराणीचा फक्त बायकांसाठीचा ड्रायव्हिंग क्लास आहे. घाबरून क्लचवरचा पाय न उचलणाऱ्या कितीतरी जणींना तिनं थेट हायवेवर नेऊन सोडलं. क्लासची गाडी साधी, चारचौघींसारखी. तिची स्वतःची मात्र वेगळी. दोन दारांची, बुटकी, गडद निळी, बरीच जुनी स्पोर्ट्स कार. हैदराबादच्या एका डॉक्टरांनी ती विकायला काढली, तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. वर्षाराणीनं क्लासच्या कमाईतून ती घेतली आणि एकटी चालवत लातूरला आणली. त्या गाडीची पाठ डिक्कीपाशी हळूच उतरती होते, तेवढ्यासाठी ती तिच्यावर भाळली होती.

यंदा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती नांदेडला गेली. बुटक्या गाडीत आईला चढउतार जमणार नाही, म्हणून एसटीनं गेली. चावी घरीच ठेवली.

परतली तेव्हा रिक्षातून उतरतानाच तिला ते दिसलं. त्या उतरत्या पाठीवर कुणीतरी काळाकुट्ट, रुंद पंख ठोकला होता. शर्यतीच्या गाड्यांना मागं असतो तसा स्पॉयलर. तिनं पिशवी खाली ठेवून डिक्की उघडली. आतून पत्र्याला आरपार भोकं पाडलेली होती, आणि लोखंडाचा कीस तसाच आत सांडलेला होता.

"हे कुणी केलं?"

"अमरनाथनं," उमाशंकर, तिचा नवरा, दारातूनच म्हणाला. "त्याच्या दोस्ताची वरात होती. नवरदेव आपल्या गाडीत बसला. बरं दिसतंय की."

"मला कुणी इचारलं?"

"घरचीच गाडी हाय. त्यात काय इचारायचं?"

तिच्या मनात आलं, शिलाई मशीन असतं, साडी असती, तरी असं बोलले असते का? क्लासची गाडी बिघडली की 'तुझी गाडी' म्हणतात, आणि ही दिमाखाची आहे म्हणून घरची झाली. दिराला, अमरनाथला, फोन लावला तर तो हसत म्हणाला, "वैनी, सरप्राइज होतं तुमच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन प्रीतमच्या गॅरेजला गेली. पंख त्यानंच बसवला होता. काढून दे म्हटल्यावर तो हात पुसत घुटमळला.

"मॅडम, अमरनाथभैय्यांना एक फोन करून घेतो. त्यांची गाडी हाय, त्यांना न सांगता कसा हात लावू?"

"त्यांची हाय म्हणून कुणी सांगितलं?"

"तेच म्हणले. वैनीला चालवायला दिलीय म्हणले."

वर्षाराणीनं गाडी वळवली आणि घरासमोर, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला लावली. आतून पान्याचा डबा आणि केस वाळवायचं मशीन आणलं, वायर खिडकीतून ओढली. आधी पंखातल्या लाल दिव्याची तार सोडवली. मग डिक्कीचं आतलं अस्तर काढून नट ढिले करायला लागली. एक नट आडवा घुसवला होता. तो फिरता फिरेना. तिची बोटं सोलली, पण तिनं पाना सोडला नाही. शेजारच्या बायका जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. उमाशंकर म्हणाला, "लोकं बघायलेत."

"बघू द्या. वरातीत पण बघत होतेच की."

नट निघाले, तरी खालच्या चिकटपट्टीनं पंख धरून ठेवला होता. तिनं गरम हवा मारली आणि नायलॉनचा दोरा खालून घालून करवतीसारखा ओढू लागली. एक टोक सुटलं आणि पंख काचेकडं कलला. एकटीला दोन्ही टोकं धरता येईनात.

तेव्हा सासूबाई, गंगम्मा, पदर खोचत पायऱ्या उतरल्या. आता शिव्या खाव्या लागणार, असं वर्षाराणीला वाटलं. त्यांनी पुढं होऊन पंखाचं सुटलेलं टोक दोन्ही हातांनी उचलून धरलं.

"आई, तू कशाला?" उमाशंकर म्हणाला.

"तू धरला न्हाईस म्हणून," त्या म्हणाल्या. "ओढ गं तू."

पंख निघाला तोवर अमरनाथ मोटारसायकलवर येऊन थडकला होता. त्याचा चेहरा उतरला.

"वैनी, हे काय करायलात? आता दोस्तांना काय सांगू मी?"

"आधी जे सांगितलं ते खोटं होतं, असं सांगा भाऊजी. आणि हा घेऊन जा. हा तुमचाच हाय."

त्यानं आईकडं पाहिलं. गंगम्मा हाताचा चिकटा चोळून काढत होत्या. त्यानं पंख काखेत मारला आणि गेला.

पत्र्यातली भोकं मात्र तिच्याकडंच राहिली. रबरी बुचं बसवून तिनं काही दिवस काढले. मग नांदेडच्या एका पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरकडून भोकं झाळून बुजवून डिक्की रंगवून घेतली. जुना निळा उन्हानं विटलेला, त्यामुळं डिक्की जरा गडदच दिसते. ती दिसली की वर्षाराणीला अजून राग येतो, आणि तो गिळायची तिला गरज वाटत नाही.

अमरनाथ बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. एकाच पंगतीत जेवायचे, भाजी मागायची ती आईकडं. पुढं देवणीला कुणाची तरी वरात निघाली, तेव्हा त्यानं पहिल्यांदा नीट विचारलं, "वैनी, गाडी देता का एक दिवस?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि क्लासला निघून गेली.