साडू, मी आणि आत आलेला माड

माझ्या साडूइतका निःपक्षपाती माणूस रत्नागिरीपासून पावसपर्यंत दुसरा नसेल. आमच्या बास्केटबॉल संघाचा सर्वकालीन श्रेष्ठ गार्ड कोण, या वादात त्यानं स्वतःच्या सख्ख्या मेव्हणीच्या नवऱ्याला, म्हणजे मला, बाजूला ठेवून सत्तावीस वर्षं एका नारळाच्या झाडाला मत दिलं. यातला एकही शब्द मी वाढवून सांगत नाही. त्या माडाचं पुढं जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि ते कुठंतरी लिहून ठेवल्याशिवाय मला बरं वाटणार नाही, म्हणून हा सगळा प्रपंच.

साडू माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पण आम्ही आधी एका संघात होतो आणि नातं मागून आलं, त्यामुळं अरे-तुरे राहिलं ते राहिलंच. तो स्वतः कधी खेळला नाही. त्याचे पाय सपाट होते आणि धावायला लागला की वाडीतल्या कोंबड्या माडावर चढायला बघत. तो गुणलेखक होता. लाल पुठ्ठ्याच्या वहीत तो प्रत्येक बास्केट, प्रत्येक पास, प्रत्येक फाऊल लिहायचा, आणि सामना संपल्यावर हरलेल्या संघालाही वाचून दाखवायचा. मैदान त्याचंच. गावात बास्केटबॉल असावा असं त्याच्या मनात का आलं हे कुणालाच ठाऊक नाही. विचारलं तर तो म्हणे, "क्रिकेट काय, सगळेच खेळतात." स्वतःच्या वाडीतली जागा त्यानं सपाट केली, जांभ्याचे चिरे रोवून हद्द बांधली आणि गावाला तोंडी देऊन टाकली. मापं घेतली सुंभाच्या दोरीनं. दोरी नुकतीच पाण्यातून काढलेली, भिजून आखडलेली. तिच्यावर त्यानं हिशेबानं गाठी मारल्या आणि जेवायला गेला. जेवून झोपला. उठून त्याच दोरीनं मैदान आखलं, पण दोरी तोवर उन्हात सुकून सैल झाली होती. दुपारभरात तिनं आपला विचार बदलला होता. बास्केटचे खांब सिमेंटात पक्के झाल्यावर लक्षात आलं की मैदान हवं त्यापेक्षा मोठं झालंय आणि कडेचा एक माड दोन हात आत आलाय, तोही डाव्या बाजूला झुकलेला, नेमका जिथं गार्डनं उभं राहायचं तिथं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गार्ड म्हणजे चेंडू पुढं आणणारा, पास देणारा आणि समोरच्याची वाट अडवणारा. माडानं यातलं तिसरं काम पहिल्या दिवसापासून उत्तम केलं. मग साडूनं नियम केला की चेंडू माडाला लागला तर खेळ चालू, नारळ पडला तर खेळ बंद, आणि नारळ उचलून होईतो कुणी जागा बदलायची नाही. बाहेरचे संघ आधी हसायचे आणि मग हरायचे. एकदा एका पाहुण्या खेळाडूच्या खांद्यावर नारळ पडला. पंच म्हणून आलेल्या मास्तरांनी आमच्याविरुद्ध फाऊल दिला. साडू वही घेऊन मैदानात गेला.

"मास्तर, फाऊल हातानं होतो ना?"

"हो."

"झावळीला एक वेळ हात म्हणता येईल. नारळाला कसा म्हणणार?"

अर्धा तास वाद चालला. शेवटी फाऊल कायम राहिला आणि वहीत नोंद झाली: 'माड, एक फाऊल, अन्यायकारक.' पुढच्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेसाठी त्यानं माडाचा प्रवेश अर्ज भरला. उंची साठ फूट, अंदाजे. वजन, उचलून पाहिलेलं नाही. पूर्वीच्या संघाचं नाव, लागू नाही. अर्ज परत आला तो फोटो जोडलेला नाही म्हणून. साडूला वर्षभर त्याचंच वाईट वाटत राहिलं. "फोटो लावला असता तर घेतला असता रे त्याला," असं तो अगदी मनापासून म्हणायचा.

आता वादाचं मूळ. देवरूखहून आलेल्या संघाशी शेवटचा सामना होता, आम्ही एका गुणानं मागं होतो आणि शिट्टी व्हायला दोन-तीन सेकंद उरले होते. मी डोळे मिटून चेंडू फेकला. डोळे मिटले होते हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. चेंडू भलतीकडं गेला, माडाच्या बुंध्यावर आपटला आणि तिथून रिंगमधे पडला. मला खांद्यावर घेऊन बंदरापर्यंत नेलं. कोळणींनी ओवाळलं. तेव्हापासून गाव मला ओळखतं ते त्या बास्केटमुळं. पुढं मी शाळेत क्लार्क झालो, तिथंच आहे, आणि त्यानंतर माझ्या हातून सांगण्यासारखं काही झालं नाही. पण साडूच्या वहीत काय लिहिलंय? 'बास्केट: माड. पास: हा.' हा म्हणजे मी. मी जाऊन म्हटलं, "अरे, मी बास्केटवर मारला होता." तो म्हणाला, "तू खय बघत होतास ते मी बघत होतो."

पण माणूस मायाळू. आमच्या संघातले खेळाडू दर वर्षी मुंबईला नोकरीला जायचे. आमचा सगळ्यात वेगवान गार्ड तर इतका वेगवान होता की संघात आल्यापासून दोन महिन्यांत परळला पोचला. मीही जाणार अशी कुणकुण लागताच साडू आमच्या घरी आला आणि माझ्या वडिलांना म्हणाला, "माज्या बायकोची बहीण हाय. मुलगी चांगली हाय. पण मुलग्यानं गावात ऱ्हायला पायजे, हीच अट." मुलीच्या बाजूनं त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोनं मला पाहायच्या कार्यक्रमात विचारलं, "तुम्हीच ना ते, माडाला पास देणारे?" लग्न झालं. साडूनं आहेर म्हणून शिट्टी दिली.

दर मे महिन्यात मुंबईकर घरी आले की मैदानात बैठक बसायची. आधी साडू गाऱ्हाणं घालायचा. देवळात घालतात तसंच, हातात नारळ धरून: "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां गार्ड ठरवूक बसली हत, त्यांना सुबुद्धी दे रे म्हाराजा." आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचो. हातातला नारळ त्याच माडाचा असायचा. उमेदवाराच्या नारळावर गाऱ्हाणं घालणं बरोबर नाही, असा आक्षेप मी एका वर्षी घेतला. साडूला तो पटला, आणि त्यानं शेजाऱ्याकडचा नारळ आणला. असा माणूस. मग भाषणं. साडू माडाची बाजू मांडायचा. सरावाला एकही दिवस गैरहजर नाही. मुंबईला गेला नाही. पंचाला उलट बोलला नाही. पाणी मागितलं नाही, उलट सगळ्यांना शहाळी दिली. माडाला स्वतःला मत असावं की नसावं यावर एक अख्खा मे महिना गेला, आणि तो मतदार नाही असं ठरलं, कारण त्यानं स्वतःलाच मत दिलं असतं आणि ते त्याच्या स्वभावात बसत नाही. मतदान फणसाच्या आठळ्यांनी. तीन डबे, अकरा खेळाडू आणि गुणलेखक मिळून बारा आठळ्या. मोजून झाल्या की त्याच आठळ्या भाजून खायच्या. दर वर्षी माड जिंकायचा. मी दुसरा. परळवाला तिसरा.

बायको म्हणायची, "माडाच्या पाठोपाठ दुसरे, हे काय कमी हाय?"

तिचं बरोबर होतं. पण गेल्या वर्षी मला पन्नास पूर्ण झाली, आणि एकदा तरी आपण पहिलं यावं असं मनानं घेतलं. मी घरोघर गेलो. संघातल्या प्रत्येकाला सांगितलं की माझा गुडघा गेलाय, या वर्षी बघा. सगळे म्हणाले, "अरे, तुलाच." मोजणी झाली. माडाला सात, मला तीन, परळवाल्याला दोन. साडू सोडला तरी सहा माणसं माझ्या तोंडावर हो म्हणून झाडाला मत देऊन आली होती. मी हसून आठळ्या खाल्ल्या.

गावाच्या क्रीडा समितीचा मी सचिव आहे. माझ्या टेबलाच्या खणात तालुक्याच्या स्पर्धावाल्यांचं एक पत्र दोन वर्षं पडून होतं: मैदानातला अडथळा काढल्याशिवाय तुमच्याकडं सामने देता येणार नाहीत. ते मी मुद्दाम दाबून ठेवलं होतं, साडूसाठी. मतमोजणीनंतरच्या आठवड्यात साडू मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रत्नागिरीला गेला, आणि मी ते पत्र बाहेर काढलं. गावातल्या पोरांना सामने मिळतील, असं स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण तेही नव्हतं. झाड तोडणारे दोघं आले, त्यांनी दोर बांधला, आणि विचारलं, "मालकांना सांगितलंय ना?" मी मान हलवली. माड पडला तो मैदानाच्या लांबीत, सरळ, शेंडा नेमका समोरच्या रिंगखाली. पडतानाही त्यानं जागा चुकवली नाही.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "समितीचा निर्णय झाला."

"समितीत कोण कोण होतं आज?"

"मी."

तिनं त्या दिवशी मला भात वाढला आणि आमटी वाढायची विसरली. मी मागितली नाही.

चौथ्या दिवशी साडू घरी आला, डोळ्यावर हिरवा पडदा लावून. संध्याकाळी बायकोचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा, हात धरून तो मैदानात आला. मी आधीच तिथं येऊन थांबलो होतो, सांगायचं ठरवून. तो नेहमीच्या चिऱ्यावर बसला. पडदा वर करून त्यानं ऑपरेशनचा डोळा उघडला, दुसरा मिटला. मग तो मिटून दुसरा उघडला. मग दोन्ही. असं तीन-चार वेळा केलं.

"उद्या डॉक्टरकडं जायला हवं गो," तो बायकोला म्हणाला. "काम बिघडवलंन. मला माड दिसत नाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "डोळा बरा आहे तुझा. माडच नाही." आणि मग सगळं सांगितलं. पत्राचं सांगितलं, पोरांच्या सामन्यांचं सांगितलं, आणि शेवटी सात आणि तीनचंही सांगितलं. तो ऐकत होता. वादात ऐकायचा तसाच, मधे न बोलता.

"चार मतांनी गेलास," तो म्हणाला. "चार मतं काय, पुढच्या वर्षी मीच फिरवली असती तुज्यासाठी." मग उठला आणि मेव्हणीचा हात न धरता घरी गेला.

वर्षभर तो मैदानात आला नाही. आमच्याकडं गणपतीला आला, जेवला, बायकोशी बोलला, माझ्याशीही बोलला, पण आंब्याचा मोहोर, मासळीचा भाव असलंच काहीतरी. मैदानात सामने सुरू झाले. मजा म्हणजे आमचे जुने खेळाडू अजून त्या रिकाम्या जागेला वळसा घालूनच पळतात. बाहेरच्या संघांना वाटतं, आमची काहीतरी चाल आहे.

या मे महिन्यात बैठक झाली. साडू आला. गाऱ्हाणं घातलं, शेजाऱ्याच्या नारळावर. डबे दोनच होते. माझ्या डब्यात अकरा आठळ्या पडल्या, परळवाल्याच्या डब्यात एक. ती एक मी टाकली होती. साडूनं वहीत लिहिलं, वही मिटली. मी सर्वकालीन श्रेष्ठ गार्ड झालो. कुणी आठळ्या भाजायचं नाव काढेना.

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "ऊठ. तिथं जाऊन उभा ऱ्हा."

बुंधा जमिनीसपाट कापलेला, त्यावर माती टाकलेली. मी तिथं जाऊन उभा राहिलो.

"हात वर कर. जरा डावीकडं कल. अजून. तो एवढा सरळ नव्हता."

मी कललो. गुडघा कळवळला. साडू सपाट पायांनी फताड फताड चालत लांब गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चेंडू हातात घेतला होता.

"हलायचं नाय. बोलायचं नाय."

पहिला चेंडू माझ्या कानावरून गेला. दुसरा पोटात बसला. सातवा की आठवा खांद्याच्या हाडावर आपटला, वर उडाला, रिंगवर क्षणभर फिरला आणि बाहेर पडला. साडू बराच वेळ रिंगकडं बघत राहिला. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी येत होतं. डॉक्टरनं ते येणार म्हणून सांगितलेलंच होतं.

"त्याच्याइतकं नाय," तो म्हणाला. "पण उद्या परत ये."

मी रोज जातो. बायको विचारते, कुठं निघालात. मी म्हणतो, सरावाला.