काशीरामचा तांब्या

रत्नागिरी शहर संपून हातखंब्याची वाट लागते तिथे काशीराम मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान आहे. तो गाड्यांचे पाटे दुरुस्त करतो. पाटे म्हणजे चाकावर एकावर एक बांधलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. मी एस.टी.च्या कार्यशाळेत घण मारून निवृत्त झालो. घरी बसवत नाही म्हणून सकाळी त्याच्याकडे जातो. तो मला चहा देतो आणि काम देतो.

दुकानात ऐरण, तीन हातोडे, दोन जॅक आणि खिळ्याला टांगलेला एक पितळी तांब्या. त्यातलं पाणी कोणी पीत नाही. गाडी आली की काशीराम तो काठोकाठ भरतो, मागच्या सीटवर मांडीत धरून बसतो आणि मालकाला चालवायला सांगतो. परत आल्यावर किती पाणी उरलं ते बोटं बुडवून मोजतो. चालवणाऱ्याच्या बोलण्यावर त्याचा विश्वास नाही. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो सावरतो. मागच्याला काही दिसत नाही.

काशीराम सावर्ड्याजवळच्या गावचा. पंधराव्या वर्षी खेडला एका पाटेवाल्याकडे कामाला लागला. उस्तादाने वर्षभर हातोड्याला हात लावू दिला नाही, नुसता गंज खरवडायला लावला. कुठला पाटा कुठे घासतो हे त्याला तेव्हा कळलं. तांब्याची रीतही तिथलीच. आज तो अडुसष्ट वर्षांचा आहे. अजून गंज स्वतः खरवडतो.

गेल्या माघात विनोद आला. हा मुंबईत नोकरी करतो. गाव इथून तासाभरावर, पण घर वरच्या वाडीत, सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावर. शेवटचे चार किलोमीटर उघडा कातळ, मध्ये पावसाळी ओहोळांनी पाडलेले चर. त्याची आई यमुनाबाई पाठीचा मणका दुखावल्यापासून पाच महिने शहरात लेकीकडे होती. तिला घरी जायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, जाऊ दे, पण धक्का बसता कामा नये.

विनोदने जुनी जीप घेतली आणि एका गॅरेजमध्ये सहा इंच उंच करून घेतली. जीप दगडावरून सहज जायला लागली. आत बसणारा मात्र छताला लागायला लागला. कुणीतरी सांगितलं, मागे वजन टाक, गाडी मऊ होईल. त्याने जांभ्याचे आठ चिरे भरले. पोरगा घर बांधतोय असं रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असणार. मागच्या रजेत आईला घेऊन निघाला, आणि पहिल्याच ओहोळापाशी तिने गाडी फिरवायला लावली. आठ दिवस ती आडवी होती.

काशीरामने मागे वाकून चिरे मोजले.

"वर उचलायला पाटे घातलेस, खाली दाबायला चिरे. भांडण त्या दोघांचं, मार गाडीने खायचा?"

विनोद हसला नाही. या खेपेला त्याची दहा दिवसांची रजा होती, त्यातले चार गेले होते. ही गाडी जमली नाही तर घराला कुलूप लावून आईला मुंबईला न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. तिथे तिसऱ्या मजल्यावर ती दिवसभर काय करणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

आम्ही चिरे उतरवले आणि सड्यावर गेलो. तांब्या माझ्याकडे होता. पहिल्या चरात अर्धा सांडला, दुसऱ्यात उरलेला. माझी विजार भिजली. काशीराम एक काठी घेऊन चार किलोमीटर पायी चालला. वाटेतला प्रत्येक उंच दगड मोजायचा, काठीवर खूण करायची. सगळ्यात वरची खूण गाडीच्या पोटाखाली धरून पाहिली. अजून वीतभर जागा शिल्लक होती.

"सहा इंच लागत नाहीत. तीन पुरे," तो म्हणाला.

विनोद म्हणाला, उंच केल्याशिवाय गाडी रुबाबदार दिसत नाही. काशीराम म्हणाला, आईला विचार. विषय संपला.

तीन दिवस काम चाललं. गॅरेजवाल्याने प्रत्येक चाकावर ट्रकचे दोन जाड पाटे वाढवले होते. ते काढले. मूळचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. धक्का बसला की ते एकमेकांवरून सरकायला हवेत, तरच धक्का जिरतो. ते सुटे करून घासले, टोकं गोल केली. मग तीन इंच उंची मिळेल एवढी कमान. काशीरामने जमिनीवर खडूने कमानीची रेघ आखली. प्रत्येक पाटा ऐरणीवर थंडाच ठोकायचा आणि रेघेवर ठेवून पाहायचा. मधून सुरुवात, टोकाकडे जायचं, घाव सारखे. मी मारत होतो, तो पाटा सरकवत होता. सातवा पाटा रेघेपासून करंगळीएवढा हटला. मी म्हटलं, चालेल. त्याने पाटा परत ऐरणीवर ठेवला. मी परत मारला.

मध्ये ग्रीस लावून पाटे बांधले. शॉकअप, म्हणजे पाट्यांची उसळी आवरणाऱ्या नळ्या, आखूड होते. चाक चरात उतरलं की ते पुरते ताणले जायचे आणि गाडीला हिसका द्यायचे. लांब शॉकअप बसवले. टायर फुगवून दगड केले होते, त्यांची हवा कमी केली. राहिले ते पाट्यांच्या टोकांचे बोल्ट. ते काशीरामने हाताने फिरवून सोडून दिले.

"हे आवळायचे नाहीत?" विनोदने विचारलं.

"आई कुठे आहे?"

बोल्टभोवती रबर असतं. गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट आवळला तर चाकं जमिनीवर आल्यावर रबर पिळलं जातं, आणि ते कायम ओढ देत राहतं. गॅरेजमध्ये नेमकं तेच झालं होतं. गाडी रोज ज्या ओझ्याने चालणार ते ओझं आत बसवून आवळायचं, ही काशीरामची पद्धत. दुसऱ्या कुणाला बसवलेलं त्याला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई रिक्षाने आल्या, कमरेला पट्टा, हातात काठी. ट्रंक आणि तांदळाचं पोतं मागे चढवलं, त्यांना उशी देऊन बसवलं, शेजारी मी. विनोद पुढे. काशीराम खाली शिरला. पान्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ झाला तसं यमुनाबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं.

"मिस्त्री, माझं वजन मोजताय काय?"

"होय वयनी. तुमच्या मुलाने चिऱ्यांचं मोजलं होतं."

त्या हसल्या, आणि हसताना पाठ धरली. मग विनोदला म्हणाल्या, "पहिल्या ओहोळाला कळ आली तर गाडी फिरव. मी मुकाट मुंबईला येईन. पण उगाच भरधाव मारू नको."

काशीराम पुढे विनोदच्या शेजारी बसला. तांब्या त्याने भरून माझ्याकडे दिला, पण यमुनाबाईंनी तो काढून घेतला. म्हणाल्या, तुमच्या विजारीची गोष्ट मी ऐकलेय.

सड्यावर चढलो. गाडी डुलत होती, आपटत नव्हती. पहिला ओहोळ आला. विनोदने इतकी हळू उतरवली की मला इंजीन बंद पडल्यासारखं वाटलं. पुढची चाकं खाली गेली, वर आली. मागची खाली गेली. माझं लक्ष यमुनाबाईंच्या तोंडाकडे, त्यांचं तांब्याकडे. थोडं पाणी बोटांवर आलं. पलीकडे पोचल्यावर विनोदने गाडी थांबवून मागे पाहिलं.

"थांबलास कशाला?" त्या म्हणाल्या. "पाणी वर न्यायचंय ना?"

विनोदने नाक पुसलं आणि गियर टाकला. पुढचे ओहोळ मी मोजले नाहीत. यमुनाबाई कोणाची बाग कोणी राखली नाही ते सांगत होत्या.

अंगणात गाडी लागली तशी शेजारची सावित्री भाकरतुकडा घेऊन धावत आली. पाच महिन्यांनी घरी येणाऱ्या माणसावरून तुकडा ओवाळायचा आणि पायावर पाणी घालायचं. तुकडा ओवाळला, आणि पाणी आणायचं विसरलं म्हणून ती परत वळली.

"पाणी आहे गो," यमुनाबाई म्हणाल्या आणि हातातला तांब्या तिला दिला.

काशीरामने हात पुढे केला, पण उशीर झाला. सावित्रीने सगळं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं. यमुनाबाई काठी टेकत पायऱ्या चढल्या आणि कुलूप काढायला लागल्या.

"किती उरलं होतं?" काशीरामने मला विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही पायांना पुरलं.

त्याला ते माप पटलं नाही. चहा झाल्यावर परत निघताना त्याने यमुनाबाईंच्या विहिरीवर तांब्या पुन्हा काठोकाठ भरला आणि मला मागे बसवलं.